शेजारच्याचा निकाल

सर,

तुमची मुलाखत छापायला चालली आहे. म्हणजे तुम्ही दिलेली नव्हे, मी लिहिलेली. या दोन्हींतला फरक तुम्हाला आणि मला सोडून जगात कोणालाही ठाऊक नाही, आणि आपल्या दोघांतले तुम्ही बावीस वर्षांपूर्वी गेलात. राहिलेल्याने आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ते कसं दिलं हे सांगण्यासाठी हा कागद पुढे ओढला आहे. तुम्हाला लांबलेली प्रस्तावना आवडत नसे. 'गाडी स्टँडवरून हलव आधी' असं तुम्ही निबंध वाचताना म्हणायचात. हलवतो.

काल सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडून आवाज, "काय पंडित, वळखलं का?" मला पंडित म्हणणारा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो ते कौतुकाने म्हणत नाही. नववी-दहावीत दुसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसायचा तो. वाईच्या पलीकडच्या एका खेड्यातून सायकल मारत यायचा, आणि पहिल्या तासाला त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा असायचा. आता खंडाळ्याच्या रस्त्याला त्याचं पॉवर टिलर विकण्या-दुरुस्तीचं दुकान आहे, असं त्यानेच सांगितलं. छत्तीस वर्षांत मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. माझा नंबर त्याने शाळेच्या क्लार्ककडून मिळवला.

"आरं, आपल्या शाळेची स्मरणिका काढतुय," तो म्हणाला. "मी हाय समितीत. न्हाई, म्हंजे मीच समिती हाय, बाकीचे नुस्ते फोटोला येत्यात. तर काय झालं, कपाटात आपल्या येळचं हस्तलिखित घावलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पन सरांचं पान जसंच्या तसं. वाळवीला बी संस्कृत पचत न्हाई बघ. त्ये पान आपुन पयलंच घेतुय. वर सरांचा फोटो, खाली ती मुलाखत, आन तिच्या खाली तुझा फोटो. सरांनी सांगितल्याला आदर्श विद्यार्थी तो ह्योच, असं टाकतुय. मोबाइलवर पाठवलंय. चुकलंमाकलं असंल तर उद्या सांजच्यापातूर सांग. परवा छापायला जातंय."

मी "हो हो" म्हणालो. मोठेपणी माणूस बहुतेक वेळा 'हो हो'च म्हणतो. मग चष्मा घालून ते पान मोठं करून वाचलं. अक्षर माझंच, चौदाव्या वर्षीचं. शीर्षकाखाली वेलबुट्टी, तीही माझीच. 'विद्वत्तेची प्रदीर्घ परंपरा लाभलेल्या घराण्यात आमच्या सरांचा जन्म झाला. वाचन, मनन व चिंतन हे त्यांचे छंद होत. त्यांच्या मते, ज्याला एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही, ज्याची नजर सदैव पुस्तकावर व पाऊल सदैव पुढे असते, तोच आदर्श विद्यार्थी होय.' नजर पुस्तकावर ठेवून पाऊल पुढे टाकणारा माणूस वाईच्या गल्लीत गटारात पडतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं असणार.

आता खरी मुलाखत. तुम्हाला ती आठवते, पण मी लिहून ठेवायला हवी, कारण पहिल्या वेळी मी ती लिहिली नाही.

मराठीच्या बाईंनी नववीतल्या मुलांना एकेक शिक्षक वाटून दिला होता. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे: सरांची पार्श्वभूमी, सरांचा छंद, आणि सरांच्या मते आदर्श विद्यार्थी कोण. संस्कृतात पहिला म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात. बाकीच्यांनी आपापले शिक्षक मधल्या सुट्टीत उरकले. तुम्ही मला घरी बोलावलंत, तेही साडेपाचला, कारण सहा वाजायच्या आत तुमचं जेवण व्हायचं असे. सूर्य मावळल्यावर तुम्ही पाण्यापलीकडे काही घेत नव्हता. सांगलीकडच्या जैन घरातला माणूस वाईत येऊन संस्कृत शिकवतो, हे आमच्या गावातल्या काही मंडळींना जरा उलट्या दिशेने वाहणाऱ्या कृष्णेसारखं वाटे. थंडीत शाळा सुटल्यावर तुम्ही सूर्याशी शर्यत लावल्यासारखे घरी निघायचात, आणि मागून मुलं म्हणायची, 'सर चालले अस्ताला.' ही कोटी माझीच होती. कबूल करायच्या गोष्टींमध्ये ही शेवटून पहिली.

घाटाच्या मागच्या आळीत तुमच्या दोन खोल्या. काकू गावी, शेतावर. तुम्ही इथे एकटे. नळाच्या तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. फळीवर ओळीने पितळी डबे, त्यांतल्या एकात खडू. स्टो भणभणतोय, त्यावर तवा, आणि तुम्ही, 'अभिज्ञान' म्हणजे काय हे काल तासभर समजावून सांगणारे तुम्ही, पाटावर बसून भाकरी थापताय. मला दुसरा पाट दिलात. मी वही उघडली आणि घसा साफ केला.

"सर, आपली पूर्वपीठिका?"

"माझी काय?"

"पूर्वपीठिका, सर."

"अरे, कुठला कोण विचार ना." मग तुम्ही सांगितलंत. सांगलीजवळच्या गावातले शेतकरी. हळद आणि भुईमूग. घरात पुस्तक म्हणावं असं एक पंचांग, तेही शेजाऱ्याचं. "नववीत दोनदा नापास. दुसऱ्यांदा संस्कृतात."

माझी पेन्सिल थांबली. तुम्ही तव्यावरून मान वर न करता म्हणालात, "लिही की. 'दोनदा' जरा मोठ्या अक्षरात लिही, पोरांना बरं वाटेल." तिसऱ्या वर्षी तुमच्या शेजारी बाजारात तेल विकणाऱ्याचा मुलगा बसायला आला. त्याने आपली वही दोघांच्या मध्ये ठेवली आणि वर्षभर मध्येच ठेवली. "मी पास झालो. तो पुढं कुठं गेला माहीत नाही. माझ्या निकालावर खरं म्हणजे त्याची सही पाहिजे होती."

"आणि छंद, सर?"

"बैल बघणे."

"पाळणे?"

"पाळतात दुसरे. मी बघतो."

हे मी ऐकून होतो, पण खोटं असेल असं मला वाटायचं. बाजारच्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही सायकल काढायचात आणि जनावरांच्या बाजारात जाऊन उभे राहायचात. एकदा मी तुम्हाला तिथे पाहिलं होतं, एका खिलाराचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्याचे दात मोजताना. तुमच्या तोंडी 'आवं पावनं, ह्यो चार दाती हाय, जुळल्याला कुठनं?' हे शब्द होते. जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, पुऱ्या वयाचा बैल, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ज्या तोंडाने सकाळी तुम्ही मला एका समासाबद्दल झापलं होतं, तेच तोंड. मी पिंपळामागे लपलो. तुमची लाज वाटून लपलो, सर. तुम्हाला पाहिलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून.

मग तिसरा प्रश्न. तुम्ही शेवटची भाकरी उतरवलीत आणि स्टोची चावी फिरवून तो बंद केलात. त्या आवाजानंतर खोली एकदम इतकी शांत झाली की नळाच्या फडक्यातून पडणारा थेंब ऐकू आला. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "ज्याच्या शेजारी बसलेला पास होतो, तो."

मी म्हणालो, "म्हणजे, सर?"

"म्हणजे तेच. बाजारात एकटा बैल उभा केला, शिंगं कशीही डौलदार असू देत, जाणकार माणूस पहिलं काय विचारतो? याचा जोडीदार कुठाय? जुवाखाली एकटा पुढं पळाला तर नांगर वाकडा चालतो. शेजारचा बसला तर उभ्या राहिलेल्याचं कसलं कौतुक?"

"आणि तो स्वतः, सर? त्याचे मार्क?"

"त्याला पडतात. त्याची काळजी मला कधी पडली नाही."

आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणजे माझ्या हाताकडे. माझं डावं कोपर मांडीवरच्या वहीभोवती होतं, तळहात पानाच्या वरच्या कडेला, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. त्या खोलीत माझं चोरून बघणारं कोणी नव्हतं. तवा होता.

ही माझी सवय वर्गात सगळ्यांना माहीत होती. शेजारचा रोज म्हणायचा, 'हात उचल की रं, पंडित, सूत्र न्हाई मागत तुझं, फकस्त कुठल्या पानावर हाय त्ये बघतो.' मी उचलत नव्हतो. त्याने संस्कृत घेतलं होतं ते त्याच्या वडिलांच्या हट्टापायी. वाईत शाळेला जातोयस तर आयतं मंत्राचं शिकून घे, असा त्यांचा हिशेब. आणि संस्कृतात मार्क पडतात ही अफवा त्याच्या गावापर्यंत पोचली होती. मार्क पडतात हे खरं. त्यासाठी शेजारच्याने हात उचलावा लागतो, हा भाग अफवेत नव्हता.

घरी आलो आणि लिहायला बसलो. नापास हे लिहिणं मला शक्यच नव्हतं. आमच्या गावात, जिथे घाटावर धुणं धुणारी बाईसुद्धा पुरोहिताची विभक्ती सुधारते अशी आमची प्रौढी, तिथे संस्कृतचे सर संस्कृतातच नापास? म्हणून परंपरा लाभलेलं घराणं आलं. बैलांच्या जागी चिंतन आलं, कारण रवंथ आणि चिंतन यांत मला तेव्हा फार अंतर वाटलं नाही. ही दोन खोटी तुमच्यासाठी लिहिली, असं मी आजवर मनाशी म्हणत आलो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. तिसरं उत्तर मात्र तुमच्यासाठी बदललं नाही. ते मला लागलं होतं. ते छान अक्षरात उतरवून, खाली वेलबुट्टी काढून, शाळेच्या भिंतीवरच्या काचेच्या पेटीत लावायचं आणि त्यासमोर माझ्या शेजारच्याने उभं राहून बोट ठेवून वाचायचं, हे चित्र मला बघवेना. म्हणून मी तुमच्या तोंडी माझंच वर्णन घातलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापकांनी ती मुलाखत प्रार्थनेनंतर माइकवरून वाचली. टाळ्या पडल्या. तुम्ही शिक्षकांच्या रांगेत उभे होतात, हात मागे बांधून, आणि 'विद्वत्तेची प्रदीर्घ परंपरा' आली तेव्हा शेजारच्या गणिताच्या सरांनी तुमच्याकडे आदराने वळून पाहिलं. तुम्ही समोरच्या निशाणाच्या खांबाकडे बघत राहिलात. माझ्याकडे नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा बोलावणं. या वेळी पाट मांडलेलाच होता, त्यापुढे ताटली, ताटलीत भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. मी खाल्लं. तुम्ही मी खाऊन होईपर्यंत थांबलात. उपाशीपोटी बोलणी खायला लावणारे तुम्ही नव्हता. मग म्हणालात, "छान लिहिलंयस. भाषा आहे तुझ्याकडे. पण हा माणूस कोण रे? कुठं भेटला तर मला भेटव. मी त्याच्याकडे शिकायला जाईन."

मी मान खाली घातली. तुम्ही उठलात, फळीवरचा खडूंचा डबा काढलात, आणि त्यातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड माझ्या हातावर ठेवलंत. शाई खरवडायला आम्ही तसलंच वापरायचो. "हातानं लिहिलेलं आहे ते, खोडता येतं," तुम्ही म्हणालात. "छापलेलं असतं तर वेगळी गोष्ट. खोडायचं की नाही ते तू बघ. मी सांगणार नाही." आणि खरंच तुम्ही पुन्हा कधी सांगितलं नाहीत. पुढचं सव्वा वर्ष रोज शिकवलंत, माझ्या वहीवर 'उत्तम' लिहिलंत, आणि ब्लेडाबद्दल एक शब्द नाही. याला शिक्षा म्हणतात हे मला स्वतः शिक्षक झाल्यावर कळलं. त्या ब्लेडाने मी पेन्सिलींना टोकं केली.

दहावीला मला संस्कृतात अठ्ठ्याण्णव पडले. शेजारचा संस्कृतातच नापास झाला, बाकी सगळ्यात पास. निकालाच्या दिवशी फळ्यासमोर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पंडित, माझं दोन मार्क कमी पडलं, त्ये तुझ्यात आल्यासारखं वाटतंय बघ." मी हसलो. मग मी कॉलेजला साताऱ्याला गेलो, तिथून पुण्याला, आणि शेवटी नोकरी लागली ती तुमच्या सांगलीत. नदी तीच, फक्त इथे ती रुंद आणि जरा सुस्त.

इथे आल्यावर तुम्हाला भेटायला यायला मी तीन वर्षं लावली, तेही एस.टी.ने अर्ध्या तासाचं अंतर असताना. तुम्ही निवृत्त होऊन गावी होता. पुतण्याने ट्रॅक्टर घेतला होता, तरी गोठ्यात एक खिलार जोडी होती. 'आता हे मला बघतात,' तुम्ही म्हणालात. मी पेढे आणले होते आणि बरोबर बातमी, की मी संस्कृतचा शिक्षक झालो. तुम्ही पेढा घेतलात, बातमी ऐकलीत, खूश झालात, ते खरं होतं. आणि मग, अगदी सहज, बैलांपुढे वैरण सरकवता सरकवता विचारलंत, "तुझ्या शेजारी बसायचा, तो काय करतो?"

मी म्हणालो, "असेल कुठेतरी, सर."

"हं," तुम्ही म्हणालात. आणि दुसऱ्या बैलापुढे वैरण सरकवलीत. त्यानंतर तुमची माझी भेट नाही.

गंमत बघा, हेच तीन प्रश्न गेल्या महिन्यात मला विचारले गेले. आमच्या शाळेची वेबसाइट झाली आहे. 'आमचे शिक्षक' या सदरासाठी सगळ्यांना मोबाइलवर फॉर्म आला: शिक्षण व पार्श्वभूमी, छंद, आणि आपल्या मते आदर्श विद्यार्थी. छंदाखाली आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने 'वाचन' लिहिलं आहे, आणि ग्रंथपाल बाई स्टाफरूममध्ये येऊन प्रेमळपणे विचारून गेल्या, 'तुम्ही सगळे नेमके कुठे वाचता?' भूगोलाच्या बाई बंगळुरी पद्धतीचे केक करतात, अप्रतिम, पण त्यांनीही वाचनच लिहिलं. पी.टी.च्या सरांनी 'चिंतन' लिहिलं आहे. ते मैदानावर शिट्टी तोंडात धरून कसलं चिंतन करतात हा वेगळा विषय. मी वाचन लिहिलं. आदर्श विद्यार्थ्यासाठी चार तयार विशेषणं होती, त्यांवर नुसतं बोट ठेवायचं: जिज्ञासू, नम्र, कष्टाळू, शिस्तप्रिय. मी चारहींवर ठेवलं. तो फॉर्म एकदा भरला की दुरुस्तीची सोय नाही. तिथे अर्धं ब्लेडही चालत नाही.

तर आज दुपारी, जेवण झाल्यावर, मी त्याला फोन केला. सकाळपासून तीनदा हातात घेतला होता. एक सोपी वाट होती, आणि मी तिचा नीट विचार केला होता, हेही सांगून टाकतो. 'छान आहे, छाप' एवढंच म्हणायचं. तुमचा मोठेपणा वाढला असता, माझा फोटो आला असता, आणि तुम्ही तर काही उठून विचारायला येणार नव्हता की हा माणूस कोण. पण हाताने लिहिलेलं आता छापलं जाणार होतं. तुम्ही घालून दिलेली मुदत सदतीस वर्षांनी संपत होती.

"वाचलंस?" त्याने विचारलं. मागे कुठलं तरी इंजिन खोकत होतं.

"वाचलं. ते छापू नकोस. सर असं बोलले नव्हते."

"मग काय बोलले हुते?"

मी सांगितलं. हळद, भुईमूग, नववीत दोनदा नापास, तेल विकणाऱ्याचा मुलगा, बैल बघणे. आणि शेवटचं, ज्याच्या शेजारी बसलेला पास होतो, तो. पलीकडे त्याने कोणाला तरी ओरडून इंजिन बंद करायला लावलं.

"शेवटचं पुन्यांदा सांग," तो म्हणाला.

पुन्हा सांगितलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा.

तो म्हणाला, "मग तू तवा असं का लिवलंस?"

"लहान होतो रे. नीट ऐकू आलं नसेल. स्टोचा आवाज होता."

"व्हय, त्यो स्टो लय आवाज करायचा," तो म्हणाला. "पिना मारून मारून सर दमायचं."

"तुला काय माहीत त्यांचा स्टो?"

"आता! चार म्हयनं मी तितंच हुतो की. जून ते आक्टोबर. नापास झाल्यावर सर सोता सायकल घिऊन आमच्या घरी आल्ते, आमच्या म्हाताऱ्याला म्हनले, ह्याला रोज साडेपाचला धाडा. तुला न्हवतं म्हाईत?"

मला नव्हतं माहीत, सर. मी तेव्हा साताऱ्यात कॉलेजची पुस्तकं खाकी कागदात बांधत होतो.

"सर म्होरं न्हाई बसायचं," तो सांगत होता. "माज्या शेजारी बसायचं, येकाच चटईवर. वही येक, पेन येक, मदी ठेवल्याली. म्हनायचं, मी बी संस्कृतात नापास झाल्याला हाय, चल दोघं मिळून बघू काय जमतंय का." "पंडित, तुला खरं सांगू? मला वाटायचं सर माजं मन राखाय खोटं बोलत्यात. भिताडावर तुझं त्ये लिवल्यालं हुतं न्हवं, इद्वानाचं घरानं म्हून. मी म्हनायचो, येवढा देवमानूस, पन खोटं बोलतोय माज्यासाठी. छत्तीस वरसं मी तसंच समजून हाय."

तुम्ही त्या मुलाला तुमच्याजवळची सगळ्यात खरी गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या वेलबुट्टीमुळे तो तिला खोटी समजला. तरी प्रेमाने समजला, एवढंच माझं नशीब.

"किती पडले मग तुला?" मी विचारलं.

"येक्केचाळीस. सर मला त्याच आठवड्यात बाजारात घिऊन गेलं. येका बैलाचं तोंड उघडून म्हनलं, ह्यो जुळल्याला. तू अजून दोन दाती हाईस, पन चालशील." आणि तो हसला. बावन्न वर्षांचा माणूस, पाच माणसांना पगार देणारा, आणि त्या हसण्यात अजून सायकल होती. "बरं, मग छापू काय आता?"

"खरं ते."

"बैल बी?"

"बैल आधी."

"आन तुझा फोटो?"

"काढ."

"काढतो. पन पान मोकळं दिसंल रं."

"सरांच्या शेजारी बसलेल्याचा लाव."

"नगं बाबा. समितीनं सोताचाच फोटो लावला म्हनत्याल." मग एकदम सुचल्यासारखं, "बैलांचा लावतो. खिलार जोडीचा. सरांना आवडंल."

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "पंडित, येक डाव ये की हिकडं. दुकानाम्होरनंच गाडी जाते पुन्याची." मी "हो हो" म्हणणार होतो. त्याऐवजी म्हणालो, पुढच्या रविवारी. तारीख दिल्यावर 'हो हो' म्हणायची सोय राहत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्न नाही. तुमच्या गावचं पोस्ट ऑफिस अजून आहे, पण पोस्टमनला मी इतका त्रास देणार नाही. ब्लेडाच्या पुडीशेजारी ड्रॉवरमध्ये राहील. ब्लेड अजून आहे, पार गंजलेलं, पेन्सिलीलाही चालायचं नाही. तुमची मुलाखत आता बरोबर छापली जाईल, बैलांसकट. त्या बाबतीत तुम्ही निश्चिंत असा. फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आणि रविवारी समोर बसून सांगता येईल की नाही ते आत्ताच कबूल करत नाही. तुम्हाला मात्र माहीतच आहे. तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा स्टो बंद होता.

आत्ता बायको चहा ठेवायला आली आणि म्हणाली, "एवढं झाकताय काय? मी नाही हो वाचत." तेव्हा खाली पाहिलं. डावं कोपर टेबलावर होतं, आणि हात कागदाभोवती.